रासायनिक समीकरणांचें मराठी वाचन

आपल्या मासिकांतून ग्रंथपरीक्षणाला जागा कमी मिळते असें नाहीं. कादंबरी, काव्यसंग्रह, चरित्र, प्रवासवर्णन यांचें बारीक परीक्षण होतें; एखादा शब्द अस्थानीं पडला तर टीकाकार लेखकाला जागच्या जागीं धरतात. परंतु मराठींतील जें गद्य सर्वांत अधिक वाचलें जातें, घोकलें जातें आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांत लवकर विसरलें जातें, त्या क्रमिक पुस्तकांतील गद्याकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. तें वाङ्मय नव्हे, अशी आपली समजूत आहे. ती खरी कीं खोटी हा वाद तूर्त बाजूस ठेवूं. ज्या पानांवर मुलाला विचार करण्याची भाषा मिळते किंवा मिळत नाहीं, तीं पानें निदान एकदां टीकाकाराच्या नजरेखालून जावींत, ही मागणी अवास्तव ठरूं नये.

प्रस्तुत लेखासाठीं मीं असें एकच प्रकरण घेतलें आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचें, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'बालभारती'चें, इयत्ता दहावीचें 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' हें पुस्तक २०१८ सालीं निघालें. त्याच्या पहिल्या भागांतील तिसरें प्रकरण 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हें होय. अभिक्रिया समीकरणाच्या रूपानें कशी लिहावी, समीकरण संतुलित कसें करावें, संयोग, अपघटन, विस्थापन व दुहेरी विस्थापन हे चार प्रकार कसे ओळखावे, आणि पुढें ऑक्सिडीकरण, क्षपण, धातूंचें क्षरण व तेलाचा खवटपणा, असा त्याचा विस्तार आहे. योजना चांगली आहे. प्रयोगशाळेंत सुरू झालेलें प्रकरण खवट तेलापर्यंत, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचतें, याचें श्रेय लेखकमंडळास दिलेंच पाहिजे. माझी तक्रार त्या प्रकरणांतील माहितीविषयीं नाहीं. अशा प्रकरणांतून मुलांच्या हातीं जी भाषा पडते, तिच्याविषयीं आहे.

पहिल्या वर्षाच्या वर्गांत येणाऱ्या बहुतेक मुलांना समीकरण संतुलित करतां येतें. हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून पाणी होण्याचें समीकरण फळ्यावर लिहावें, आणि कोणाही मुलानें उठून योग्य जागीं दोनाचे आंकडे मांडावे. गेल्या कांहीं वर्षांत मीं स्वतःला एक खोड लावून घेतली आहे. आंकडे मांडून झाले म्हणजे मी त्या मुलास म्हणतों, "आतां हें वाक्य मराठींत वाचून दाखव." मुलगा वाचतो, "टू एच टू प्लस ओ टू गिव्ज टू एच टू ओ." मी पुन्हां म्हणतों, "मराठींत." मग तो 'प्लस'च्या जागीं 'अधिक' घालतो आणि बाणापाशीं येऊन अडतो. कोणी तेथें 'बरोबर' म्हणतो, कोणी 'म्हणजे' म्हणतो. एका मुलीनें मात्र "सर, हें वाचायचं असतं का?" असा मलाच उलट प्रश्न केला. तिच्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. होतें तें निखळ आश्चर्य. दहा वर्षें शाळेंत काढलेल्या त्या मुलीला समीकरण हें एक वाक्य आहे असें कोणीं कधीं सांगितलेंच नव्हतें. तिच्या लेखीं तें कोडें होतें. सोडवावयाचें आणि पुढें जावयाचें.

यांत 'समीकरण' या शब्दाचाही थोडा अपराध आहे. तो आपल्याला बीजगणितानें दिला; भास्कराचार्यांच्या 'बीजगणितां'त 'एकवर्णसमीकरण' असें प्रकरणच आहे. तेथें वर्ण म्हणजे अज्ञात राशीचें चिन्ह. रसायनशास्त्रांत नेमकें उलटें आहे. येथें अक्षरें ज्ञात असतात. एच म्हणजे हायड्रोजन, याविषयीं कोणाला शंका नसते. अज्ञात असतो तो सूत्राच्या डावीकडे बसणारा आंकडा. शिवाय बीजगणितांत दोन बाजूंची अदलाबदल केली तरी अर्थ तोच राहतो. रसायनांत ती केली तर लाकडाची राख झाली असें म्हणण्याऐवजीं राखेचें लाकूड झालें असें म्हटल्यासारखें होतें. म्हणूनच जुन्या पुस्तकांतील बरोबरीच्या चिन्हाच्या जागीं पुढें बाण आला. बाण हें या वाक्याचें क्रियापद आहे. आणि आमचीं मुलें नेमकीं क्रियापदाशींच अडतात.

या समीकरणाचा जन्मच मुळीं भाषेच्या चिंतेंतून झालेला आहे, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिये यानें १७८७ सालीं कांहीं सहकाऱ्यांसह रासायनिक पदार्थांच्या नामकरणाची नवी पद्धति प्रसिद्ध केली. १७८९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें कबुली दिली आहे ती अशा अर्थाची, कीं आपण केवळ भाषा सुधारावयास बसलों होतों, पण पाहतां पाहतां हातून रसायनशास्त्राचा ग्रंथ होऊन बसला. त्याच ग्रंथांत द्राक्षरस आंबण्याचा विचार करतांना त्यानें एका बाजूस द्राक्षरस आणि दुसऱ्या बाजूस कार्बॉनिक आम्ल व मद्यार्क मांडून मध्यें बरोबरीचें चिन्ह घातलें. जें आंत गेलें तेंच वजनानें बाहेर आलें पाहिजे, हा त्यामागील आग्रह. आजचीं अक्षरचिन्हें तेव्हां नव्हतीं. त्यांची पद्धति बर्झेलियसनें १८१३-१४ च्या सुमारास घालून दिली. म्हणजे इतिहासांत वाक्य आधीं आलें आणि संक्षेप मागाहून. आपण वर्गांत संक्षेप आधीं देतों, आणि वाक्य द्यावयाचें राहूनच जातें.

वाक्य म्हणून वाचण्याची संवय लागली, तर संतुलनाचा जो नियम मुलें मुकाट्यानें पाळतात तो त्यांना समजूं लागेल. आंकडा सूत्राच्या डावीकडे द्यावा, सूत्राच्या पोटांतील आंकड्यास हात लावूं नये, हा तो नियम. हा वस्तुतः व्याकरणाचा नियम आहे. 'दोन घरें' म्हटलें म्हणजे घरांची संख्या वाढते. परंतु 'घर' या शब्दाच्या पोटांत एक काना अधिक घातला तर घरें दोन होत नाहींत, घराची घार होते. पाण्याच्या समीकरणांत डावीकडे ऑक्सिजनचे अणु दोन आणि उजवीकडे एक, हें पाहून एखादा चलाख मुलगा पाण्याच्या सूत्रांत ऑक्सिजनच्या पायाशीं दोनाचा आंकडा लिहून मोकळा होतो. हिशेब चोख जुळतो. मात्र जें जुळलें तें पाणी नव्हे. तें हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर घातल्यास फेंसाळणारें आणि केसांचा रंग उडविणारें. त्या मुलाचे गुण कापले जातात, पण आपण पाण्याचें भलतेंच कांहीं करून बसलों हें त्याला कोणी सांगत नाहीं.

येथें परिभाषेचा जुना वाद निघणें अपरिहार्य आहे. आमच्या शेजारीं नागपुरांत डॉ. रघुवीर यांनीं गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत संस्कृत धातूंवर आधारलेल्या शास्त्रीय शब्दांची प्रचंड टांकसाळ चालविली. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, कार्बनला प्रांगार, नायट्रोजनला भूयाति, सोडियमला क्षारातु. त्या परिश्रमांपुढें नम्र व्हावें. पण ते शब्द मराठी मुलाच्या तोंडीं बसले नाहींत, हें खरें. त्यांच्याही आधीं मराठींत प्राणवायु, नत्रवायु, कर्बवायु रूढ होते आणि ते कानाला पुष्कळच गोड लागत. आजच्या पुस्तकांनीं ऑक्सिजन आणि हायड्रोजन हींच नांवें पत्करलीं, आणि माझ्या मतें योग्य केलें. नामें परकीं असलीं म्हणून भाषा बुडत नाहीं. आपण टेबल घेतलें, स्टेशन घेतलें, आणि 'टेबलावर ठेव', 'स्टेशनावर जा' हीं वाक्यें निर्विवाद मराठी राहिलीं, कारण 'ठेव' आणि 'जा' मराठी राहिलीं. रघुवीरांचा सारा झगडा नामांसाठीं झाला. क्रियापदांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आणि रसायनशास्त्र हें तर क्रियेचें शास्त्र!

खरें पाहतां या बाबतींत मराठी दरिद्री नाहीं. चुना विरतो. लोखंड गंजतें. दूध नासतें, पीठ आंबतें, तेल खवट होतें. लिंबाच्या रसांत सोडा टाकला कीं तो फसफसतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें; ताकांतील आम्ल आणि हवेंतील ऑक्सिजन यांनीं मिळून तांब्यावर केलेला हा प्रयोग ज्या गृहिणीनें प्रथम 'कळकणें' या एका क्रियापदांत बांधला, तिची परिभाषा कोणत्याही समितीस हेवा वाटण्यासारखी आहे. 'अभिक्रिया होऊन उत्पादित मिळते' या एकाच सांच्यांतून सर्व क्रिया काढल्या म्हणजे विरणें, गंजणें आणि कळकणें यांतील फरक पुसला जातो. मग तो फरक 'प्रकार ओळखा' या प्रश्नांत नव्यानें शोधावा लागतो.

वर्ध्याच्या माणसाला हा विषय निघाला म्हणजे १९३७ साल आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं येथें शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें डिसेंबरांत आपला अहवाल सादर केला. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि तें एखाद्या हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेलें, अशी ती वर्धा योजना. तिच्या सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमांत रसायनालाही स्थान होतें. हातानें केलेल्या कामांतून ज्ञान यावें, हा विचार मला आजही पटतो. परंतु टीकाकारानें गांव आपलें म्हणून गप्प बसूं नये. मूलोद्योग म्हणून ज्या सूतकताईला प्रत्यक्षांत अग्रमान मिळाला, तिच्यांत रसायन नाहीं. कापूस पिंजला, पेळू केला, सूत कांतलें, कापड विणलें, तरी कापूस तो कापूसच राहतो. बदलतो केवळ त्याचा आकार. टकळीपासून गणित निघेल, भूगोल निघेल, अर्थशास्त्र तर निघेलच निघेल. रासायनिक समीकरण मात्र निघणार नाहीं. तें कापड धुवावयास, विरंजनास किंवा रंगवावयास घेतलें म्हणजे निघूं लागतें.

आणि गंमत अशी कीं जें टकळींत नव्हतें तें हांकेच्या अंतरावर मगनवाडींत होतें. १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें तेथें ठाणें होतें, आणि त्याचे सूत्रधार कुमारप्पा हे झाकिर हुसेन समितीचेही सभासद होते. तेथें हातकागद होई, घाण्याचें तेल निघे. रॉकेलाला पर्याय म्हणून गोडें तेल जाळणारा 'मगनदीप' हा कंदील तेथलाच. या दिव्याचें समीकरण मांडून पाहावें. गोड्या तेलांतील एक प्रमुख घटक ट्रायोलीन. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे ५७, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणु. तो पुरता जळावयास ऑक्सिजनचे ८० रेणु लागतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे ५७ आणि पाण्याचे ५२ रेणु होतात. परीक्षेत हें समीकरण घातलें तर मुलें हाय खातील. पण त्या ८० चा अर्थ पाहा. एक किलो तेल जळावयास जवळजवळ तीन किलो ऑक्सिजन, म्हणजे सुमारें साडेबारा किलो हवा, ज्योतीपर्यंत पोंचली पाहिजे. ती कमी पडली कीं कार्बनचा कांहीं भाग जळावांचून राहतो, आणि कांचेवर काजळी धरते. दिवा बनविणारा कारागीर वाऱ्याची वाट लहानमोठी करतो, तेव्हां तो त्या ८० च्या आंकड्याशींच झुंजत असतो. संतुलन म्हणजे कागदावरचा खेळ नव्हे, हें काजळीच्या एका बोटानें मुलाला पटेल.

मगनदीप आतां संग्रहालयांत पाहावयाची वस्तु झाली. तेव्हां आजचें उदाहरण घेऊं. आमच्या जिल्ह्यांत आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याच्या झाडास डिंक्या लागूं नये म्हणून बुंध्यास जी निळसर पांढरी बोर्डो पेस्ट लावतात, ती शेतकऱ्याच्या घरच्या प्रत्येक मुलानें पाहिलेली असते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मूळ मिश्रण फ्रान्सांतल्या बोर्डो गांवच्या द्राक्षवेलींसाठीं मिलार्दे यानें १८८५ सालीं पुढें आणलें. पुस्तकांतील चारही प्रकार या एका बादलीभोंवतीं उभे आहेत. चुनखडी भट्टींत भाजली कीं कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात, हें अपघटन. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो उकळल्यासारखा होऊन विरतो, हा संयोग; आणि त्यांत उष्णता किती निघते हें जाणण्यास हात भाजून घेण्याची गरज नसते. विरलेला चुना मोरचुदाच्या द्रावणांत मिसळला कीं, सोपें करून सांगावयाचें तर, तांब्याचें हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट होतें, हें दुहेरी विस्थापन. आणि मिश्रण नीट झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शेतकरी त्यांत घांसलेला लोखंडी खिळा किंवा विळा बुडवितो. त्यावर तांबूस पुट चढलें तर मोकळें तांबें शिल्लक आहे, चुना आणखी हवा. लोखंडानें तांब्याला द्रावणांतून हुसकावून त्याची जागा घेतली, हें विस्थापन. याच कारणानें मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये असें शेतकरी एकमेकांस बजावतात.

शाळेंतही लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणांत घालून दाखवितातच. पण तेथें तो प्रकार ओळखण्यासाठीं असतो. बागेंत त्याच्यावर झाडाची पालवी अवलंबून असते, कारण मोकळें तांबें पानें जाळतें.

याच बादलींत समीकरणाची मर्यादाही दिसते. समीकरणाप्रमाणें मोरचुदाच्या एका रेणूस चुन्याचा एक रेणु पुरे. वजनांत पाहिलें तर एक किलो मोरचुदाला सुमारें सव्वादोनशें ग्रॅम कळीचा चुना. शेतकरी घालतो पुरा एक किलो, चौपटीहूनही अधिक. तो अडाणी म्हणून नव्हे. बाजारचा चुना निर्भेळ नसतो, कांहीं अगोदरच हवेनें मेलेला असतो, आणि तांबें मोकळें राहण्यापेक्षां चुना उरलेला बरा. समीकरण किमान किती लागेल तें सांगतें. किती घालावें तें सांगत नाहीं. हा भेद दहावीच्या मुलाला कळण्यासारखा आहे, आणि त्याच्या वडिलांच्या हिशेबाची त्याला लाज वाटूं नये यासाठीं तर तो अवश्य सांगावा.

राहतां राहिला तो प्रकार ओळखण्याचा प्रश्न. चार खणांची ही पेटी सोयीची आहे, परंतु सृष्टीनें ती घडविलेली नाहीं. तेलाचें जळणें चारांपैकीं कोठेंच नीट बसत नाहीं. त्यासाठीं ऑक्सिडीकरण हें निराळें तत्त्व आणावें लागतें. आणि खिळ्यावर तांबें चढणें हें विस्थापनही आहे आणि ऑक्सिडीकरण-क्षपणही आहे. वर्गीकरणाचीं तत्त्वें दोन, आणि तीं एकमेकांस छेदून जातात. वाङ्मयाचे गद्य, पद्य, करुण आणि विनोदी असे चार प्रकार कोणी सांगितले तर आपण हंसूं. पण उत्तरपत्रिकांत असला संकर रोज दिसतो.

याची कसोटी म्हणून मी वर्गांत एक साधें समीकरण देतों. विरलेला चुना भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावला कीं तो हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचें पुन्हां कॅल्शियम कार्बोनेट होतें आणि पाणी सुटतें. चुन्याची निवळी फुंकेनें दुधाळ होते तीही हीच क्रिया. निवळीचा प्रयोग प्रत्येकानें केलेला असतो, भिंतीशीं त्याचें नातें मात्र क्वचितच कोणी जोडतो. प्रकार कोणता? कोणी संयोग म्हणतो, कारण वायु येऊन मिळाला. कोणी अपघटन म्हणतो, कारण पाणी बाहेर पडलें. हुशार मुलें दुहेरी विस्थापन म्हणतात, आणि वायु आधीं पाण्यांत मिसळून कार्बॉनिक आम्ल होतें असें धरलें तर त्यांचें म्हणणें टिकतें. पण मग तें एक समीकरण राहत नाहीं, दोन होतात. वजनें मात्र निमूटपणें जुळतात. १०० ग्रॅम चुनखडींतून भट्टींत ५६ ग्रॅम कळीचा चुना उरला, ४४ ग्रॅम वायु गेला. चुन्यानें १८ ग्रॅम पाणी पिऊन ७४ ग्रॅम भरला. भिंतीवर तो ४४ ग्रॅम वायु परत आला, तें १८ ग्रॅम पाणी उडून गेलें, आणि पुन्हां १०० ग्रॅम चुनखडी.

यंदा हें समीकरण मीं त्या मुलीलाच वाचावयास सांगितलें, जिनें समीकरण वाचावयाचें असतें का म्हणून विचारलें होतें. ती कांहीं वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चुन्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला, पाणी सोडलं, आणि तो परत चुनखडी झाला." बाणापाशीं ती अडली नाहीं. खालीं बसतां बसतां मात्र तिनें विचारलें, "पण सर, परीक्षेत प्रकार कोणता लिहूं?"